जुनें घर विकतांना वकिलाची निवड



करमाळ्याच्या जुन्या वस्तींतून एक फेरी मारली, तर कुलूप लावलेलीं घरें ठिकठिकाणीं दिसतात. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर माळवद, पुढें दगडी जोतें आणि कडीला गंजलेलें कुलूप. मालक पुण्यास किंवा मुंबईस असतो; कोणाचीं मुलें तर समुद्रापलीकडे गेलेलीं असतात. कमलाभवानीच्या यात्रेला चार दिवस दार उघडतें आणि पुन्हां वर्षभर बंद होतें. पावसाळ्यांत माळवद गळूं लागलें, एकादी भिंत फुगली, कीं घरांतील वडीलधारें माणूस म्हणतें, "आतां हें विकून मोकळें व्हावें." येथवर सर्व सरळ असतें. अडचण त्यापुढें सुरू होते. कारण जुनें घर विकणें म्हणजे केवळ चार भिंती विकणें नव्हे, तर दोन-तीन पिढ्यांचा हक्क दुसऱ्याच्या हवालीं करणें होय.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, कायद्याचा अभ्यास केलेला नाहीं. परंतु वडिलार्जित घर विकण्याचा प्रसंग कांहीं वर्षांपूर्वीं मजवरहि आला, आणि त्यांत मोठी ठेंच लागतां लागतां मी वांचलों. त्या अनुभवावरून जें शिकलों, तें आज आपल्यापुढें मांडणार आहें. सांगावयाचें तें थोडक्यांत असें: घर विकणाऱ्यानें आपला स्वतःचा वकील निवडावा, गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीं निवडावा, आणि जो बोलण्याआधीं कागद मागतो असाच निवडावा.

यावर पहिली शंका ही निघते कीं, वकील तर घेणाऱ्याला लागतो. विकणाऱ्याला काय, पैसे मोजून घ्यावयाचे आणि सही करावयाची. ही समजूत फार सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. आपल्याकडे मिळकतीच्या हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमांत विकणाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. मिळकतींत किंवा आपल्या हक्कांत जो दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, परंतु घेणाऱ्यास नेहमींच्या दक्षतेनें कळण्याजोगा नाहीं, तो विकणाऱ्यानें उघड केलाच पाहिजे. मालकीचे कागद तपासावयास दिले पाहिजेत. त्यांविषयीं विचारलेल्या रास्त प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत. विक्रीच्या दिवसापर्यंतच्या पट्ट्या आणि कर भागविले पाहिजेत. शिवाय, 'ही मिळकत माझी आहे व ती विकण्याचा मला अधिकार आहे' अशी हमी विकणारा देतो, असें कायदा गृहीत धरतो. मग खतांत तसें लिहिलेलें असो वा नसो. म्हणजे पैसे घेऊन आपण पुण्यास परत गेलों तरी जबाबदारी मागोमाग येते. घेणाऱ्याचा वकील घेणाऱ्याचें हित पाहील, आणि तेंच त्याचें काम आहे. आपलें हित पाहणारा माणूस आपणच नेमला पाहिजे.

दुसरा प्रश्न, कोणता माणूस? मुंबईस राहणारे आमचे एक आप्त मला म्हणाले, "चांगला सॉलिसिटर गांठा." मुंबईंत हें बोलणें शोभतें. तेथें उच्च न्यायालयांत पूर्वीं कामाची वांटणी असे. कागदपत्र तयार करणारा अटर्नी अथवा सॉलिसिटर वेगळा आणि न्यायाधीशापुढें उभा राहून बोलणारा वेगळा. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टानें वकिलांचा एकच वर्ग करण्याचें ठरविलें, व १९७७ पासून अटर्नी हा निराळा वर्ग राहिला नाहीं. तरी सॉलिसिटर हें नांव आणि त्याची परीक्षा मुंबईंत चालू राहिली. आपल्या तालुक्याच्या गांवीं ही वांटणी कधींच नव्हती. येथें एकच वकील सकाळीं फौजदारींत उभा राहतो, दुपारीं दिवाणी दावा चालवितो आणि संध्याकाळीं खरेदीखताचा मसुदा लिहितो. म्हणून येथें निवड करावयाची ती पदवीची नव्हे, तर संवयीची आणि वृत्तीची.

कचेरीच्या आवारांत टेबल मांडून बसणारा दस्तलेखकहि असतो. त्याचें अक्षर वळणदार असतें, चतुःसीमा तो बिनचूक लिहितो, आणि पुष्कळांचें काम त्याच्यावरच भागतें. त्याची मी निंदा करीत नाहीं. परंतु तो सांगितलेलें लिहितो. काय सांगावयाचें राहिलें हें शोधणें त्याचें काम नव्हे. तसेंच, कोर्टांत ज्याचा आवाज दुमदुमतो तो वकील जुन्या कागदांच्या कामांत तितकाच धीराचा असेल असें नाहीं. आपल्याला हवा तो जुने दस्त शांतपणें वाचणारा. तो कसा ओळखावा, हें मला कसें कळलें तें आतां सांगतों.

आमचें घर आजोबांच्या वेळचें. वडील गेले, मागून आईहि गेली. आम्ही दोघे भाऊ आणि एक धाकटी बहीण. ती बार्शीस दिली आहे. वडिलांच्या पश्चात् मिळकत पत्रिकेवर आईचें व आम्हां दोघां भावांचें नांव लागलें. बहिणीचें लागलें नाहीं. त्या वेळीं कोणीं तें मुद्दाम टाळलें असें नाहीं. पण कोणाच्या मनांतहि आलें नाहीं, हेंच खरें.

गिऱ्हाईक एका दलालानें आणलें, आणि वकीलहि त्यानेंच सुचविला. त्या वकिलांनीं पत्रिकेवर एकवार नजर टाकली आणि पंधरा मिनिटांत निर्णय दिला: "बहिणीचें नांव उताऱ्यावर नाहींच. मग तिची सही कशाला? उद्यां विसार घ्या, पंधरा दिवसांत खरेदीखत उरकून टाकूं." सोपा मार्ग सांगणारा माणूस आपल्याला नेहमींच हुशार वाटतो. मलाहि तसेंच वाटलें. विसाराच्या पावतीवर सही करण्यास मी तयारहि झालों होतों. परंतु रात्रीं झोंप येईना. पैशाची भीति नव्हती. बहिणीला हें कसें सांगावयाचें, हा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या वकिलांकडे गेलों.

या गृहस्थांनीं घराची किंमत विचारली नाहीं, गिऱ्हाइकाचें नांव विचारलें नाहीं. प्रथम एक कोरा कागद पुढें सरकविला आणि म्हणाले, "गुरुजी, आजोबांपासून वंशावळ लिहा. मुली, सुना, मयत झालेलीं माणसें, सर्व लिहा. कोणी सोडूं नका." वंशावळ वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बहिणीच्या सहीवांचून हें घर तुम्हांला विकतां येणार नाहीं. तुम्हां दोघांचे हिस्से विकाल. तिचा हिस्सा जागच्या जागीं राहील."

त्यांनीं मला जें समजावून दिलें तें असें. मिळकत पत्रिका किंवा नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा यांवरील नोंद ही सरकारी देणें कोणाकडून वसूल करावयाचें यासाठीं असते. नोंदीमुळें मालकी निर्माण होत नाहीं, आणि नोंद नसल्यामुळें मालकी नष्टहि होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें हें अनेक निकालांत सांगितलें आहे. हिंदु वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करतां माणूस गेला, तर त्याच्या वाट्याच्या मिळकतींत विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना त्यानें सारखा हिस्सा दिला. वडिलार्जित मिळकतींत मात्र मुलगी जन्मानें सहदायाद नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती अंमलांत आली आणि मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेस वडील हयात असले पाहिजेत कीं काय, यावर वाद होता. तोहि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें मिटला. वडील हयात असण्याची अट नाहीं. मुलीचें लग्न झालें आहे कीं नाहीं, याचाहि संबंध नाहीं.

मग मार्ग दोनच. बहिणीनें विकणार म्हणून खरेदीखतावर आमच्याबरोबर सही करावी आणि आपला तिसरा हिस्सा घ्यावा. किंवा तिला मनापासून हिस्सा नको असेल, तर तिनें नोंदलेलें हक्कसोडपत्र करून द्यावें. त्यांतहि वकीलसाहेबांनीं एक सूचना केली, ती मी विसरणार नाहीं: "तिला आधीं हक्क काय आहे तें सांगा, मग सोडतेस कां तें विचारा. उलट क्रमानें विचारूं नका."

मी बार्शीस गेलों. सर्व हकीकत बहिणीस सांगितली. पहिल्या वकिलांचा सल्लाहि लपविला नाहीं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मला न विचारतां विकलें असतेंत, तर मी कांहीं कोर्टांत गेलें नसतें, पण पुन्हां तुमच्या दारांतहि आलें नसतें." तिनें हिस्सा घेतला, आणि खरेदीखतावर तिची सही आमच्या सहीशेजारीं आहे.

या प्रसंगावरून वकील पारखण्याची एक कसोटी मला सांपडली. 'होऊन जाईल' असें जो आधीं म्हणतो त्यापेक्षां 'हें काय आहे?' असें जो आधीं विचारतो, तो बरा. देवीच्या माळावर शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. पाणी किती आहे तें पाहावयाचें, तर पायऱ्या उतराव्याच लागतात. कांठावर उभें राहून अंदाज करणारा फसतो. जुन्या घराच्या मालकीचेंहि तसेंच आहे.

चांगला वकील कोणत्या पायऱ्या उतरतो, तें आतां पाहूं. पहिली, वारसांची. वारस ठरविण्याचा दाखला दिवाणी कोर्टाकडून मिळतो, आणि आपल्याकडे तो अजूनहि १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनान्वयें दिला जातो. पुष्कळ लोक त्याऐवजीं उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, आणून ठेवतात. तें बँकेंतील ठेवी, रोखे, येणें कर्ज अशा गोष्टींपुरतें असतें. घराच्या विक्रीला तें पुरत नाहीं. हा फरक वकिलास विचारून पाहावा. त्याच्या उत्तरावरून बरेंच कळतें.

दुसरी पायरी, शोधाची. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलेल्या दस्तांची सूची असते. तींत साधारणपणें तीस वर्षें मागें जाऊन पाहण्याचा प्रघात आहे. तीसच कां? गहाण सोडवून घेण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें तीस वर्षें ठरविली आहे. १९०८ च्या जुन्या कायद्यांत ती साठ वर्षें होती. अलीकडच्या वर्षांची सूची घरबसल्या संगणकावर पाहतां येते, परंतु जुनीं वर्षें पाहण्यास कचेरींतील पुस्तकें उघडावीं लागतात. शोध स्वतः घेणार कीं कारकुनाकडून घेणार, आणि त्याचा लेखी अहवाल देणार कीं नाहीं, हें वकिलास आधींच विचारावें.

आमच्या पत्रिकेवर आजोबांनीं काढलेल्या एका गहाणाचा बोजा तसाच राहिला होता. गहाण फिटलें, हें घरांत सर्वांना ठाऊक. पण पुरावा कोठें? शेवटीं पत्र्याच्या पेटींत एक मोडी कागद निघाला. मला मोडी येत नाहीं, आणि वकीलसाहेबांनाहि येत नव्हती. त्यांनीं तसें प्रांजळपणें सांगितलें आणि मोडी जाणणाऱ्या माणसाकडे पाठविलें. कागद पैसे फिटल्याच्या पावतीचा निघाला. त्यावरून वर्ष कळलें, वर्षावरून सूचींत नोंदलेलें मुक्ततापत्र सांपडलें, आणि त्याच्या प्रमाणित नकलेवर बोजा कमी झाला. जुन्या पेट्यांतील कागद रद्दींत घालण्यापूर्वीं ही गोष्ट आठवावी. आणि वकील निवडतांना हेंहि पाहावें कीं, 'मला हें येत नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य त्याला आहे कीं नाहीं.

तिसरी पायरी, वहिवाटीची. जुन्या वस्तींत भिंती सामाईक असतात, एकाच्या न्हाणीचें पाणी दुसऱ्याच्या बोळांतून जातें, शेजाऱ्याचा जाण्यायेण्याचा रस्ता आपल्या अंगणांतून असतो. वीस वर्षें अखंड व उघडपणें चाललेल्या अशा वहिवाटींतून हक्क निर्माण होऊं शकतो. घरांत भाडेकरू असेल, तर घर विकल्यानें त्याचा हक्क संपत नाहीं. म्हणून जो वकील एकदां तरी घर पाहावयास येतो, निदान नकाशा काढून आणावयास सांगतो, त्याला अधिक मार्क द्यावेत.

आतां वेळेविषयीं. पुष्कळ लोक विसार घेतात आणि मग वकिलाकडे जातात. हें वरात निघाल्यावर मुहूर्त विचारण्यासारखें आहे. विसाराच्या साध्या कागदानें किंवा साठेखतानें मालकी जात नाहीं हें खरें. शंभर रुपये किंवा अधिक किंमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या खरेदीखतावांचून विकली जात नाहीं. परंतु त्या कागदानें आपण वचनांत अडकतों. घेणारा कोर्टांत जाऊन करार पुरा करून मागूं शकतो. पूर्वीं असा हुकूम देणें न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असे. विशिष्ट अनुतोष कायद्याची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ पासून अंमलांत आली, तेव्हांपासून ती मोकळीक फार आकसली आहे. बहिणीला न विचारतां मीं विसाराची पावती लिहून दिली असती, तर एका बाजूस बहीण आणि दुसऱ्या बाजूस गिऱ्हाईक, अशा कात्रींत सांपडलों असतों. यासाठीं आधीं वकील, मग विसार.

वकिलास मोकळेपणानें विचारावयाचे आणखी कांहीं प्रश्न आहेत. ते विचारण्यास संकोच धरूं नये. घेणाऱ्याचें काम आपण पाहतां कां? लहान गांवांत सर्वच एकमेकांचे ओळखीचे असतात. ओळख हा दोष नव्हे, लपविलेली ओळख हा दोष. पक्षकारांशीं आपला संबंध असल्यास वकिलानें तो आरंभींच स्पष्ट सांगावा, असा बार कौन्सिलचा नियम आहे. दोन्ही बाजूंनीं एकच वकील करून पैसे वांचवूं, असें कोणी म्हणेल. पण मतभेद होईल त्या दिवशीं तो कोणाचा, हें आधीं ठरवून ठेवावें लागेल.

दुसरा प्रश्न फीचा. शोधाची किती, मसुद्याची किती, कचेरींत हजर राहण्याची किती, आणि सरकारी खर्च वेगळा किती, हें कागदावर लिहून घ्यावें आणि पावती मागावी. माझें मत असें कीं, फी ठराविक असावी, किंमतीच्या शेंकड्यावर नसावी. शेंकड्यावर काम करणाऱ्याचें हित विक्री होण्यांत असतें. आपल्याला तर प्रसंगीं 'इतक्यांत विकूं नका' असें सांगणारा हवा असतो.

तिसरा, मूळ कागदांचा. प्रथम नकला द्याव्या. मूळ कागद द्यावे लागले तर यादी करून सहीनिशीं पोंच घ्यावी. ते घेणाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे ते पूर्ण किंमत हातीं आल्यावर. किंमतींतील वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास आयकराच्या कायद्याची मनाई आहे. म्हणून 'थोडे वरचे रोख घ्या' असें सुचविणारा दलाल असो कीं वकील, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

ज्यांना करमाळ्यास येणें जमत नाहीं, ते भावाच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून देतात. त्यास हरकत नाहीं. मात्र विक्रीचा अधिकार त्यांत स्पष्ट लिहिलेला असावा, आणि तें रीतसर प्रमाणित केलेलें असावें. परदेशांत असल्यास तेथील नोटरीपुढें किंवा आपल्या वकिलातींत. केवळ मुखत्यारपत्र हातीं घेऊन घर 'विकत घेतलें' असें कोणी म्हणत असेल, तर त्यानें मालकी येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालींच स्पष्ट केलें आहे.

आणि ज्यांना वकिलाची फी झेंपत नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. १९८७ च्या कायद्यान्वयें तालुक्याच्या कोर्टांत विधी सेवा समिति असते. स्त्रियांना तेथें उत्पन्नाची अट न लावतां मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. आपल्या हिश्श्याविषयीं ज्या बहिणींच्या मनांत शंका असेल, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें; आणि भावांनींहि ठेवावें.

आमचें घर विकलें गेलें, त्यास पंधरा दिवसांऐवजीं सात महिने लागले. दलाल रागावला, गिऱ्हाईक मात्र थांबलें. उलट, कागद इतके स्वच्छ असल्याचें पाहून त्याच्या वकिलांनीं फारसे प्रश्न काढले नाहींत. ज्या दिवशीं नोंदणी झाली, त्या दिवशीं आम्ही तिघें भावंडें एकाच गाडींतून देवीच्या माळावर गेलों, आणि दुपारीं नव्या मालकांच्याच घरीं, म्हणजे आमच्या जुन्या घरीं, चहा घेतला. घर गेल्याचें दुःख झालें नाहीं असें कसें म्हणूं? पण बहीण यंदाहि भाऊबिजेला आली होती. चांगल्या वकिलानें माझ्यासाठीं काय राखलें, याचा हिशेब मी त्यावरून करतों.

आपल्यापैकीं ज्यांच्या गांवीं असें एकादें कुलूप असेल, त्यांनीं तें उघडण्यापूर्वीं पत्र्याची पेटी उघडावी, वंशावळ लिहावी, आणि ते कागद घेऊन जो शांतपणें वाचत बसेल अशा माणसाकडे जावें.